वरचा डेपो

४ डिसेंबर १९९३, शनिवार

मढ्याचा डोळा हलला!

तीन दिवस पाठ मोडून चित्रं काढली आणि कॅसेट लावून बघते तर तिरडीवरचं मढं डोळा मारतंय. चूक माझीच. काचेखालचा बल्ब तापला म्हणून बंद केला आणि एक कागद अंदाजानं काढला. भुजंग म्हणतो, "ऱ्हाऊ द्या ताई. लय भारी दिसायलंय." भुजंग लग्नांची व्हिडिओ शूटिंग करतो, त्याचा कॅमेरा हाच आमचा स्टुडिओ. एक चित्र ठेवायचं, बटण दाबायचं, लगेच थांबवायचं, दुसरं चित्र. बटण दाबून दाबून त्याच्या अंगठ्याला फोड आलाय. पुन्हा काढते म्हटलं असतं तर रडला असता. राहू दिलं.

सेलूतली केबल आमच्या यांची. चारचौघांत बन्सीधरराव, या वहीत नुसते 'हे'. शनिवारी सिनेमा संपला की आमचा 'वरचा डेपो' लागतो, दहा मिनिटं. आधी मीच रंगवलेली पाटी — 'फक्त मोठ्यांसाठी'. ती पाटी लागली की पोरं जास्तच डोळे ताणून बसतात म्हणे.

लोक विचारतात, मालनबाई, कार्टूनच काढायचं तर ससा-कासव काढा, ही मयतं कशाला? अहो, ससा पळतो! पळायला चित्रं लागतात. मढं पडून असतं. एका चित्रात अर्धं मिनिट निघतं. बाकी मग सुचत गेलं — यम म्हणजे डेपो मॅनेजर, मेलेली माणसं वळकट्या घेऊन फलाटावर उभी, आणि वर जायची गाडी काही केल्या वेळेवर लागत नाही.

५ डिसेंबर

डोळा गाजला! तानुबाई भाजीवालीनं कोथिंबिरीची जुडी फुकट दिली. "मढ्यानं डोळा मारला अन् माजी सासू हसली वं. तीन वर्सांत पैल्यांदा."

हे म्हणतात, आता दर वेळी मारायला लाव. चुकून झालेलं मुद्दाम करायला गेलं की घाण होते. मी नाही म्हटलं.

१२ डिसेंबर, रविवार

काल 'कावळ्यांचा संप' दाखवला. नदीकाठी पिंड ठेवलेत, कावळे झाडावर बसून घोषणा देतायत — रोज भात, रोज भात, कधीतरी भजी द्या! सगळे आवाज मामंजींचे. माझे सासरे, व्यंकटराव. वय अडुसष्ट, निजामाच्या काळात उर्दूत चौथी पास. त्यामुळे आमचा यमसुद्धा "तशरीफ ठेवा" म्हणतो. टेपरेकॉर्डरपुढं बसले की वीस वर्षांनी लहान होतात.

पण कावळ्याचं कार्टून झाल्यावर उठून आत गेले. मला मागाहून कळलं. आजेसासूबाई गेल्या तेव्हा दहाव्याला कावळा पिंडाला शिवेना. तीन तास! मामंजी म्हणाले, "दत्तानं आईला अखेरीला भेटायला उशीर केला म्हणून." धाकटे दत्तकाका म्हणाले, "दादानं आईचा शब्द पाळला न्हाई म्हणून." कावळा शेवटी शिवला. कुणाच्या बोलण्यावर शिवला ते कुणाच्याच लक्षात आलं नाही, आणि त्यावरून अकरा वर्षं अबोला. काका सोनपेठला, मामंजी सेलूत. मध्ये एसटी आहे, पण चढायचं कुणी?

कसली माणसं! एका कावळ्यापायी.

१८ डिसेंबर

आज मामंजींची मयत. शेवटी निधनवार्तेची पाटी दाखवायची, नेहमी केबलवर असते तश्शी, आणि मग मढं उठून म्हणणार, "गाडी कॅन्सल झाली, घरी जायलाव." पाटीवर खोटं नाव घालणार होते तर मामंजी हटून बसले. "खोटं कामून? माझंच टाक. माझ्या नावाला काय कीड लागलीय?"

टाकलं.

१९ डिसेंबर, रविवार

देवा!!

पाटी लागली — 'व्यंकटराव यांचे दुःखद निधन, अंत्ययात्रा उद्या सकाळी दहा' — आणि लाइट गेली. अख्ख्या गावाची. मढं उठलंच नाही! आम्हाला वाटलं, गेली लाइट, लागेल पुढच्या शनिवारी. झोपलो.

सकाळी आठला दार वाजलं. लिंबाजी. त्याचं मयताच्या सामानाचं दुकान, आमच्या समोरच. खांद्यावर दोन बांबू, हातात मडकं, डोळे लाल. "वहिनी, आवाज देयाचा न्हाई का? समोर ऱ्हातो मी." आणि मागं मामंजी दात घासत उभे! लिंबाजीच्या हातातलं मडकं पडलं. फुटलं. मामंजी त्याला म्हणतात, "मडकं आत्ताच फोडलंस? स्मशानात काय फोडशील?"

दहापर्यंत अंगणात शंभरेक माणूस. जो येतो तो आधी रडतो, मग मामंजी दिसतात, मग शिव्या देतो, मग चहा मागतो. साखर दोनदा आणली. कापसाच्या जिनिंगमधले जुने कामगार, शाळेतले गुरुजी, ज्यांच्याशी मामंजींचा बांधाचा वाद होता तेसुद्धा. मामंजी खुर्चीत बसून सगळ्यांना बघत होते. दुपारी म्हणाले, "मालन, एवढी माणसं हायेत व्हय माझी?"

लिंबाजी बांबू परत घेऊन गेला. म्हणाला, ठेवून देतो, कामाला येतील.

२० डिसेंबर, सोमवार

आणखी एक अंक बाकी होता. बातमी एसटीच्या कंडक्टरबरोबर सोनपेठला पोचली होती.

दुपारी गल्लीच्या तोंडाशी जीप थांबली आणि हंबरडा ऐकू आला — "दादा रे! माझा दादा रे!" दत्तकाका. फेटा सुटलेला, एका पायात चप्पल. मागं सोनपेठची सगळी भावकी. मी धावले, पण त्यांच्या डोळ्यांतल्या पाण्यानं मी त्यांना दिसलेच नाही. सरळ अंगणात. अंगणात मामंजी पेरू खात होते.

मी पदर तोंडात धरला. हसू की रडू तेच कळेना.

काका म्हणाले, "मेला न्हाईस?"

मामंजी म्हणाले, "न्हाई."

"मग मी कशाला रडायलोय?"

"ते मला काय माहीत? पेरू घे."

काकांनी पेरू घेतला. अकरा वर्षांनी! भावकी मात्र तापली. एवढं जीपचं भाडं, एवढी धावपळ. सगळे तणतणत परत गेले, काका राहिले. दुसरी चप्पल सापडेपर्यंत राहतो म्हणाले.

२३ डिसेंबर

चप्पल पहिल्याच दिवशी सापडली. जीपमधून कुणीतरी पाठवून दिली. मी धान्याच्या कोठीमागं लपवून ठेवलीय.

दोघं भाऊ दिवसभर भांडतात. कावळ्यावरून, आंब्यावरून, शाळेत कुणी जास्त छड्या खाल्ल्या त्यावरून. भुजंगनं टेप सुरूच ठेवला. तेच भांडण आता दोन यमदूतांना देणार. लिहायची गरजच नाही, आयतं!

काकांना बायको नाही, मूल नाही. काकू जाऊन सहा वर्षं झाली. त्या वेळीही आमच्या घरातून कुणी गेलं नव्हतं. मला फार लाज वाटली आज.

२७ डिसेंबर, सोमवार

हसरं काही लिहिणार नाही.

मी कागद आखत होते, काका शेजारी येऊन बसले. "पोरी, दादाला सांगू नको. माझ्या पोटात गाठ हाय. परभणीच्या डॉक्टरनं होळीपतूर म्हणून सांगितलंय." मग एकदम म्हणाले, "मेल्याची आवई उठली की आयुष्य वाढतं म्हणत्यात. दादाचं वाढलं. माझीबी उठीव की."

मी म्हटलं, काका, असं कुठं असतं?

"नसंल. पण तुझ्या पदरचं काय जायलंय? एक कागद."

एक कागद नाही, चाळीस लागतील. काढते. माझा विश्वास नाही, तरी नाक-डोळे नीट काढते. आमचं मढं नेहमी काडीपैलवान असतं. या वेळी फेटा घातलाय, मिशीचा पीळसुद्धा. यांना सांगितलं नाही. कुणालाच नाही. वहीला तेवढं.

९ जानेवारी १९९४, रविवार

काल दाखवलं. पाटी लागली, 'सोनपेठचे दत्तराव यांचे दुःखद निधन'. लाइट गेली नाही. गल्लीत हशा! आज बाजारात तानुबाई म्हणते, "किती गं मारशील लोकायला!" एक माणूस आलं नाही.

काका खट्टू. "कुनीच रडलं न्हाई. मग कसं वाढायचं आयुष्य? खोटं का असंना, खरं वाटलं पायजे. एक तरी माणूस रडलं पायजे."

मी स्वयंपाकघरात गेले आणि चांगली रडले. बाहेर येऊन म्हटलं, झालं. काका म्हणाले, "तुला माहीत होतं. तू चालत न्हाईस."

१० जानेवारी

आज काकांनी स्वतःच मामंजींना सांगितलं. मामंजी हसले! "ही पुढच्या शनिवारची का?" काकांनी बंडीतून दवाखान्याचा कागद काढून पुढं ठेवला. मामंजींना इंग्रजी येत नाही. यांनी वाचला. यांचा चेहरा बघून मामंजींना कळलं.

त्यांना असं रडताना मी कधी पाहिलं नव्हतं. आईच्या वेळीही डोळे कोरडे होते म्हणतात. काका पाठीवर हात फिरवत बसले आणि मान वर करून मला म्हणाले, "झालं बघ! आता वाढलं!"

काय माणूस आहे! मी रडता रडता हसले, हेही हसले, मामंजींनी काकांच्या पाठीत एक गुद्दा घातला.

१४ जानेवारी, शुक्रवार. संक्रांत

विद्यापीठाचं नामांतर अखेर जाहीर झालं. भुजंग सकाळीच पेढे घेऊन आला. त्याचे वडील या नावासाठी मोर्च्यात गेलेले, तुरुंगात राहिलेले. बघायला उरले नाहीत. मामंजींनी त्याच्या हातावर तिळगूळ ठेवला आणि म्हणाले, "तुझा बाप पायजे होता आज."

चौकात पोलीस. उद्याचा कार्यक्रम बंद ठेवा, असा निरोप आलाय. काकांनी चार पेढे खाल्ले. डॉक्टरनं गोड मना केलंय.

१२ फेब्रुवारी

यमदूतांची जोडी तुफान! गावातली पोरं 'पेरू घे' म्हणत फिरतात. काकांना तिकिटाची खिडकी दिलीय: "जिवंत मानसाला इथं प्रवेश न्हाई, मागं सरा!" आवाज बसलाय, पण त्यानंच जास्त हसू येतं. मधूनच पोट दाबतात. टेप थांबवू का म्हटलं की रागावतात.

आजपर्यंत काकांना तीनदा मारलं. दर वेळी पाटी लावायची, त्यांचाच आग्रह. लोक आता पाटी दिसली की टाळ्या वाजवतात.

२९ मार्च, मंगळवार

होळी झाली!!! काका आहेत!

धुळवडीला दोघा भावांनी एकमेकांना काळं फासलं. काका म्हणाले, त्या डॉक्टरला एक पोळी पाठवा.

११ एप्रिल. पाडवा

काकांनी गुढीला हात जोडले ते भिंतीला टेकूनच. दोन घास श्रीखंड. दुपारी मला म्हणाले, "चप्पल कोठीमागं ठेवलीस ती मला पैल्या दिवशीच घावली होती." मी म्हटलं, मग गेला का नाहीत? "दुसरी सापडेपतूर म्हनलं होतं. सापडली म्हणून कुठं सांगितलं मी?"

नवीन भाग अर्धा झालाय. आवाज काकांचा पाहिजे, त्यांना जमेल तसा घेते. घाई नाही.

१९ एप्रिल, मंगळवार

पहाटे काका गेले. झोपेतच. हात मामंजींच्या हातात होता.

सातला केबलवर पाटी लावली. सोनपेठला फोन केला, तिकडून हसण्याचा आवाज — "वहिनी, आमी एकदा फसलाव, आता न्हाई" — आणि फोन ठेवला. पुन्हा लावला, उचलला नाही. उन्हाचे दिवस, थांबता येईना. अकरापर्यंत वाट पाहिली. गल्लीतून कुणी आलं नाही. समोरून लिंबाजी आला, ते बांबू घेऊन. मामंजी मडकं धरून पुढं उभे. हे, भुजंग, लिंबाजी — तीनच खांदे. भुजंगला बघून ओट्यावरची माणसं हसत होती. त्यांना वाटलं शूटिंग आहे. एकानं विचारलंसुद्धा, कॅमेरा कुठं लपवलाय?

मामंजी माझ्याकडं वळले. "बघायलीस काय, मालन? पदर खोच अन् ये."

चौथा खांदा मी दिला.