चंचीतल्या गोळ्या

३ फेब्रुवारी १९८७, मंगळवार
परभणी. उरुसाची ही गर्दी. धाकट्या भावानं, दिनकरनं, हाताला धरून डॉक्टरकडं नेलं, शेळी नेल्यासारखं. मला काही झालेलं नाही. चार महिने जरा विचार करत बसलो होतो. माजी सरपंच किशनरावांना विचार असतात!

डॉक्टर म्हणजे मिसरूड न फुटलेलं पोरगं. म्हणे हा उदासीचा आजार आहे, लाजायचं काही कारण नाही. मी म्हणालो, उदास व्हायला मी काय रिकामा हाय? तपकिरी गोळ्या दिल्या. रात्री एक. गुण दिसायला दोन-तीन आठवडे म्हणे. आणि शिंदी प्यायची बंद, गोळीशी भांडते म्हणे. असली कसली नाजूक गोळी?

संकल्प: हे प्रकरण आठवड्यात निकालात काढायचं. गावात, चुडाव्यात, कुणाला पत्ता लागता कामा नये. कोकिळाला बघायला जिंतूरचे लोक येणार आहेत. पोरीचा बाप डोक्याच्या गोळ्या खातो कळलं तर स्टेशनवरूनच परत जातील.

६ फेब्रुवारी
एकीनं काही होईना. आजपासून दोन. दुप्पट गोळ्या, निम्मे दिवस. डॉक्टरला साधं गणित येत नाही.

७ फेब्रुवारी, सकाळ
खाटेवरून ताडकन उठलो तो सरळ रांजणावर. रांजण फुटला. कोकिळाची माय, कमल, म्हणे डॉक्टरनं बजावलं होतं ना, आधी बसायचं, मग हळूच उठायचं. मग रांजण वाटेत ठेवायचाच कशाला? तिला झापणार होतो, पण तोंडात थुंकी नाही. जीभ टाळूला चिकटलेली. मला शिवी देता येईना! पोट तर तीन दिवसांपासून संपावर.

पुन्हा एकच घेणार. कमल म्हणते म्हणून नव्हे.

१८ फेब्रुवारी
गोळ्या बंद. एकदम. माणसानं करारी असावं.

२० फेब्रुवारी
झोप नाही. मळमळ. घाम. कमलवर ओरडलो, म्हशीवर ओरडलो, पोस्टमनवर ओरडलो. दिनकर म्हणे ह्या गोळ्या अशा फटकन सोडायच्या नसतात, डॉक्टरला विचारून कमी करत आणायच्या असतात. तो मॅट्रिक नापास आहे, ह्याची त्याला चारचौघांत आठवण करून दिली.

रात्रीपासून पुन्हा सुरू. माझ्या मर्जीनं.

३ मार्च
जेवताना पिठल्याला चव लागली. लय दिवसांनी. बेसन बदललं असणार, गोळीचा काही संबंध नाही. कमलला विचारलं तर म्हणे बेसन तेच हाय. तिला काय कळतंय.

६ मार्च
परवा जिंतूरचे येणार. गोळ्यांची बाटली कोनाड्यात, बैठकीतून सरळ दिसणारी. जागा शोधली. माझी पानाची चंची! कातगोळ्यांच्या कप्प्यात ओतल्या. रंग एक, आकार एक. ब्रह्मदेवाला ओळखू येणार नाहीत. कमल म्हणे दवा दव्याच्या जागी असावी, कुणाच्याबी हाती लागंल. बायकांना डावपेच कळत नाहीत. असलं डोकं अख्ख्या तालुक्यात नाही.

८ मार्च, रविवार
लिहिताना कागद दोनदा फाटला. रागानं.

मुलाचे आजोबा, भगवानराव, बैठकीत लोडाला टेकून बसले. घरधन्याची चंची आधी वयानं मोठ्या पाहुण्यापुढं सरकवायची, ही आपली रीत. मी विसरलो नव्हतो, घाईत ध्यानात आलं नाही, एवढंच. दिनकरनं सरकवलीसुद्धा, गाढवानं! म्हातारबांनी स्वतःच्या हातानं पान लावलं. कात लय कडू हाय म्हणे, कुठला? मी म्हणालो, हैदराबादचा. त्यांनी आणखी एक लावलं. मग मी चंची ओढून माझ्या मांडीखाली घेतली.

जेवणं झाली. म्हातारबा पेंगायला लागले. हात धुवायला म्हणून उठले आणि गोठ्याच्या दाराशी कोसळले. एकच गलका! मुलाचा बाप रडायला लागला, कुणी म्हणे काळीजच बंद पडलं. दिनकर जीप आणायला पळाला.

मी गप्प राहिलो. ते धोरण होतं. गोळीची गुंगी आपोआप उतरली असती.

एवढ्यात कोकिळा आतून आली, सगळ्या पुरुषमंडळींत. माझ्या मांडीखालची चंची खसकन ओढली, सगळ्यांसमोर उपडी केली आणि म्हणे ही माझ्या बापाची उदासीची दवा हाय, आजोबांनी दोन-तीन तरी खाल्ल्यात, डॉक्टरला आधी हे सांगा.

असली पोरगी! गेलं लग्न. गेली अब्रू.

९ मार्च
म्हातारबा शुद्धीवर आहेत. रात्रभर दवाखान्यात ठेवलं, काळजाचे ठोके बघत बसले होते. काय खाल्लं ते कळलं म्हणून नेमका इलाज झाला म्हणे. नंतर ते मिसरूड न फुटलेलं पोरगं माझ्यावर ओरडलं. सगळ्यांसमोर! म्हणे एकाची दवा दुसऱ्याच्या पोटात, त्यातून एवढ्या वयात, जीव जाऊ शकतो. मग गोळीचा रंग निळा ठेवायला काय झालं होतं?

१२ मार्च
दिनकर जिंतूरहून निरोप घेऊन आला. लग्न पक्कं. म्हातारबा म्हणे बापाच्या अब्रूपेक्षा परक्याचा जीव मोठा मानणारी पोर आमाला पायजे. गोळ्यांचं काही न्हाई, त्यांची बहीणसुद्धा तसल्याच खाते. फक्त एक अट. सुपारीच्या बैठकीत मोठेपणानं दिनकर बसेल. किशनराव नको. माणूस डोळ्यांदेखत पडला तरी त्यांच्या तोंडून शब्द निघाला न्हाई, म्हणे.

मी! माजी सरपंच! स्वतःच्या पोरीच्या सुपारीला मी ओट्यावर? भडकलो. दिवेलागणीपर्यंत ओरडलो. जिंतूरवर, दिनकरवर, डॉक्टरवर, कातावर.

कमल चुलीपुढं बसून हसत होती आणि पदरानं डोळे पुसत होती. विचारलं, हसायला काय झालं? म्हणे चार महिने भिंतीकडं तोंड करून पडला होतात. हिरीवर पाण्याला गेले तरी जीव घरात टांगलेला असायचा, परत येईपर्यंत हा माणूस असंल का नसंल. तुमची एक शिवी ऐकायला कान आसुसले होते. ओरडा, लय बरं वाटायलंय.

पुन्हा ओरडायला गेलो. तोंड कोरडं पडलं होतं.

तिनं गोळी आणि तांब्या पुढं धरला. आधी बसलो. मग घेतली.