नऊ नंबरची वाट

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

पडले! डिप्लोमॅटिक क्वार्टरमध्ये, वकिलातींच्या त्या भागातल्या उतारावर, ब्रेक लावायचा सोडून नुसतं हँडल घट्ट धरून बसले आणि थेट बोगनवेलीत. कोपर सोलवटलं. सुबोधने मागे वळून पाहिलं, म्हणाला, पाय टेकायचे की. आणि पुढे गेला.

चोपन्नाव्या वर्षी सायकल शिकायची म्हणजे हे असं. शिकायची म्हणजे – सांगलीत कॉलेजला सायकलनेच जायचे मी. पण तेव्हाचे गुडघे वेगळे होते. आता गाडीच्या मागे दोन सायकली बांधायच्या, हायवेवरून जीव मुठीत धरून इथवर यायचं, त्या उतरवायच्या, गोल गोल फिरायचं, परत बांधायच्या. रियाधमध्ये सायकलसुद्धा गाडीत बसूनच फिरायला जाते.

१६ फेब्रुवारी

हे सगळं कशासाठी चाललंय ते एकदा लिहून ठेवते. माझं मलाच विसरायला होतं.

जूनमध्ये स्वित्झर्लंडला जायचंय, आठवडाभर, सायकलवर. मोठी शहरं नाहीत, बर्फ बघायला रोपवे नाही. खेड्यांमधून जाणारे छोटे रस्ते, ज्यांच्यावर गाडी म्हणजे एखादा ट्रॅक्टर. सुबोधच्या बँकेत तल्हा म्हणून एक पोरगा आहे, रियाधचाच. तो तिकडे शिकायला होता. त्या रस्त्यांबद्दल बोलायला लागला की थांबत नाही म्हणे. तिकडे सायकलच्या रस्त्यांना नंबर असतात. प्रत्येक वळणावर लाल पाटी, पाटीवर नंबर. आपण आपला नंबर धरून जायचं, वाट चुकत नाही. तल्हाने एका कागदी रुमालावर नंबर लिहून दिला, त्यावरून सुबोधने सगळा बेत आखला. एक नंबर.

आणि ते झालं की कायमचं घरी. माझ्या लेखी हाच मुख्य भाग. सुबोधचं कॉन्ट्रॅक्ट जूनअखेर संपतंय. दिवाळीत तो स्वतःहून म्हणाला, "स्वित्झर्लंड करू आणि मग सांगली." मी काढला नव्हता विषय. एकवीस वर्षांत इतक्यांदा काढून झालाय की आता तोंड दुखतं.

म्हणून मी सायकल चालवतेय. उंटावर बसू आणि मग सांगली म्हणाला असता तर उंटावर बसले असते.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

चढ, चढ आणि चढ. वादी हनिफाच्या दरीतून वर, परत खाली, परत वर. एक नंबरच्या वाटेवर सुरुवातीलाच मोठा घाट आहे – फुर्का. महाबळेश्वराच्या जवळजवळ दुप्पट उंच! मी म्हटलं, शांत रस्ता म्हणाला होतास ना? तर म्हणे घाट उतरला की शांतच आहे. डिसेंबरपासून हेच. त्याच्या घड्याळात माझे ठोके दिसतात, ते बघून तो मला गुण देतो. आज नापास.

२ मार्च

रोजे सुरू झाले. रस्ते दुपारभर सुने.

वरच्या मजल्यावरची खुर्शीदभाभी उद्या चालली. फायनल एक्झिट. खेडला, कायमची. आमच्या या इमारतीत जो जातो तो आपलं स्वयंपाकघर वाटून जातो. तशी ती संध्याकाळी दोन पिशव्या घेऊन आली – भाकरीचा लोखंडी तवा, मसाल्याचे डबे, अर्धवट सुकट. माझं स्वयंपाकघर म्हणजे गेलेल्यांचं प्रदर्शन झालंय. इडलीपात्र हैदराबादच्यांचं, कुकर नागपूरच्या जोशीबाईंचा, किसणी कुणाची ते आठवतही नाही.

दारात उभं राहून विचारलंन, "आनी तुझा कवा गो?"

जून म्हटलं. तिने माझ्या गालाला हात लावला. विश्वास बसला नसावा. दार लावलं. मग डबे धुतले.

१४ मार्च

गुडघा सुजलाय. सुट्टी.

२० मार्च, गुरुवार

काय लिहू! हसू की रडू तेच कळत नाहीये.

तल्हाकडे इफ्तारला गेलो होतो. त्याची बायको अरवा, गोड मुलगी, इंग्रजी माझ्यापेक्षा बरं. खजूर, सूप, सांबुसे सगळं झालं. मग सुबोधने घाटाचा विषय काढला. चढ किती, वारा कसा, गियर कोणते. तल्हा मान हलवत ऐकत होता, पण चेहऱ्यावर काही उमटेना. तो बोलायला लागला तर भलतंच – तळी, तळ्याकाठची सफरचंदाची झाडं, गाईंच्या गळ्यातल्या घंटा, शेतकऱ्याच्या दाराशी ठेवलेला फ्रीज, त्यातून आपणच अंडी-चीज घ्यायचं आणि पैसे डब्यात टाकायचे. बघायला कुणी नसतं. सुबोध म्हणाला, हो हो, पण ते घाटानंतर ना? तल्हा म्हणाला, कुठला घाट?

मग त्याने आपल्या तळहातावर बोटाने नंबर काढून दाखवला. नऊ!

अरबीतला नऊ हुबेहूब आपल्या मराठी एकासारखा दिसतो. तल्हाने रुमालावर लिहिला होता नऊ. सुबोधने वाचला एक. रोज रस्त्यावर शेकडो गाड्यांचे अरबी नंबर वाचणारा माणूस! ऑफिसात वाचला असता तर बरोबर वाचला असता. घरी येऊन चप्पल काढली की याचे डोळेही मराठी होतात.

म्हणजे गेले चार महिने मी ज्या घाटापायी धापा टाकल्या तो घाट आमच्या वाटेवर नव्हताच. कुणी सांगितलाच नव्हता. तल्हा तर हसून हसून गालिचावर आडवा झाला. सुबोधही हसला, पण गाडीत बसल्यावर गप्प. मी म्हटलं, अरे, बरंच झालं की. तर म्हणाला, बुकिंग सगळी बदलायला लागणार, मला आता वेळ नाही.

मी करते म्हटलं. तोंडातून गेलं तसंच.

२८ मार्च

नऊ नंबर आता माझा झाला. रोज सकाळी सुबोध गेला की नकाशा उघडते. लुझर्नपासून सुरुवात धरलीय. पुढे झुग, तिथलं तळं, मग लहान लहान गावं. नावं नीट उच्चारता येत नाहीत, पण रस्ते पाठ झालेत. कुठे गोठ्याला वळसा आहे, कुठे रेल्वेचं फाटक, कुठे चर्चपाशी पाण्याचा नळ. छोटा बोगदा आहे एक, सायकलींपुरता. व्हिडिओत एक बाई दिसते, दोरीवर चादरी वाळत घालताना. शेजारून सायकल गेली तरी मान वर करत नाही. तिचं रोजचं आहे ते.

इथे मी कपडे बाथरूममध्ये वाळत घालते. बाहेर धूळ.

फार दिवसांनी भूक लागल्यासारखं वाटलं.

११ एप्रिल, शुक्रवार

सपाट रस्त्यावर तासभर चालवली. थांबले नाही. सुबोध आला नव्हता, मीच गाडी काढली, मीच सायकल बांधली. ठोके कुणी मोजले नाहीत.

२४ एप्रिल

व्हिसे आले. दोघांचेही! दर्शनाला पुण्याला फोन केला. म्हणाली, "आई, पप्पा खरंच परत येतायत?" मी म्हटलं, खरंच. ती म्हणाली, मग मी शनिवारी सांगलीला जाऊन फ्लॅट झाडून घेते. माझी शहाणी पोर.

४ मे

सुबोधने सही केली. आणखी दोन वर्षं.

मी भेंडी परतत होते. त्याने फ्रीजमधून पाणी काढलं, ग्लासात ओतलं, आणि तेव्हा सांगितलं. बँकेची सगळी सिस्टिम बदलायचीय, त्याच्याशिवाय कोण करणार, कामही आवडीचं आहे. जूनमध्ये रजा मिळणार नाही. "पुढच्या वर्षी जाऊ आपण. रस्ते कुठे पळून जातायत?"

मी परतत राहिले. भेंडी करपली तरी परतत राहिले. विचारलं, सही कधी केलीस. झाले दहा-बारा दिवस, म्हणाला. म्हणजे मी दर्शनाशी फोनवर बोलत होते आणि हा समोर बसून ऐकत होता, तेव्हा झालेली असणार, नाहीतर ठरलेली तरी असणार.

भांडायला हवं होतं. भांडायलाही अंगात काहीतरी लागतं.

५ मे

झोपून होते.

९ मे, शुक्रवार

सुबोध वाईट माणूस नाही. हे मी कुणाला सांगतेय? इथे दुसरं कोण आहे. त्याला इथे बरं वाटतं, एवढंच. ओलायातल्या बँकेच्या त्या काचेच्या इमारतीत त्याला सगळे ओळखतात. सांगलीत तो कोण? पेन्शनरांच्या कट्ट्यावरचा एक. त्याला भीती वाटते. मला कळतं. पण त्याची भीती मी एकवीस वर्षं जगतेय आणि मी थकले. इतकी थकलेय की त्याच्यावर रागवायचाही कंटाळा येतो.

१८ मे

जेवताना सांगितलं – मी जाते.

कुठे म्हणाला. नऊ नंबर. एकटी? हो. हॉटेलं ठरलीत, सायकल ठरलीय, व्हिसा आहे. तो बराच वेळ आमटीत चमचा फिरवत बसला. मग म्हणाला, पडलीस तर? मी म्हटलं, पाय टेकेन.

तेवढ्यावर थांबलं नाही. इथे माझ्या इकाम्यावर, म्हणजे राहायच्या परवान्यावर, माझा कफील, माझा जामीनदार, माझा नवरा. त्याची कफील बँक; बँक त्याला सोडते, तो मला सोडतो. बाहेर पडून परत यायची परवानगी, एक्झिट री-एंट्री, त्यानेच मोबाइलवर काढायची असते. मी काढू शकत नाही. म्हणून त्याच्याकडे बघत बसले. इतक्या वर्षांत कितीदा काढलीन, कधी काही वाटलं नव्हतं. आज मागावी लागली.

२५ मे

काढली. मला मोबाइल दाखवला, तीस जूनच्या आत परत यायचं. म्हणाला, "नीट फिरून ये. मला फोटो पाठव." मग सायकलच्या टायरमध्ये हवा भरायचा छोटा पंप घेऊन आला दुकानातून. तिकडे सायकल भाड्याची आहे, सगळं देतात, हे मी त्याला सांगितलं नाही.

१३ जून

निघाले. रियाध विमानतळावर त्याने डोक्यावर हात ठेवला, तिशीत ठेवायचा तसा. सामान एवढं कसलं म्हणाला. मी म्हटलं, तिकडे थंडी असते.

१६ जून, झुगच्या पुढे

पाय दुखतायत, पण दुखणं ओळखीचं आहे, घाबरवत नाही. आज सकाळपासून तीन गाड्या भेटल्या. तिन्ही हळू झाल्या, वळसा घालून गेल्या. गवत कापलेलं होतं, वास सगळ्या रस्त्याला. प्रत्येक वळणावर पाटी. नऊ, नऊ, नऊ. कुणाला विचारावं लागत नाही.

एका गोठ्यापाशी फ्रीज होता. दही घेतलं, ओट्यावर बसून खाल्लं. शेतकरीण बाहेर आली, काहीतरी बोलली, मी मराठीत "छान आहे" म्हटलं. तिने मान डोलावली आणि आत गेली. मी तिथेच बसून रडले. कशासाठी ते विचारू नये.

१९ जून

पाऊस. भिजले. लिहायला त्राण नाही. बरं वाटतंय.

२१ जून, शनिवार

झालं. वाट संपली, सायकल परत केली.

सुबोधला फोन लावला. म्हटलं, सोमवारी विमानतळावर येऊ नकोस, मी रियाधचं तिकीट बदलून मुंबईचं घेतलंय. मला त्याच्या मागचा एसी ऐकू येत होता.

मग म्हणाला, "सांगलीची किल्ली आहे का तुझ्याकडे?"

"आहे. निघतानाच घेतली होती."