काथ्याचे पायपुसणे आणि मागचे दार

चिंचवड, श्रावण वद्य पंचमी, १९५६

श्रीमान थोरले साडू मारुतराव यांचे सेवेशी, चाकण मुक्कामी, धाकटा साडू ज्योतीराम याचा हात जोडून नमस्कार. आम्ही सगळे इकडे कोरडे आहोत (म्हणजे कालपासून). आपला गुडघा काय म्हणतो? यशोदाक्कांचा खोकला बसला का? वखारीतला कांदा भिजला नाही ना? उत्तर सवडीने लिहावे, कारण आधी माझे गाऱ्हाणे वाचायलाच आपल्याला सवड लागेल.

माझे शिलाईचे दुकान पवनेकडे उतरणाऱ्या बोळात, घराच्याच पुढच्या खोलीत आहे, हे आपण जाणताच. नदी फुगली की गावात सगळ्यांच्या आधी माझ्या उंबऱ्याला पाय लावते आणि जाताना चिखल ठेवून जाते. इतकी वर्षे ते चालून गेले. पण यंदा पिंपरीतल्या एका नव्या औषधांच्या कंपनीच्या स्टोअरच्या साहेबांचा निरोप आला, की कामगारांसाठी पांढरे कोट शिवायचे आहेत, शुक्रवारी दुकान पाहायला येतो. पांढरे कोट! आणि माझ्या दारात चिखल असा, की म्हैस आनंदाने बसेल. (बसली होती. शेजारच्या शालनबाईंची.) तेव्हा पुराला दाद न देणारे पायपुसणे दारात हवे, हे मी ओळखले.

आपली मेहुणी, म्हणजे आमची इंदू, हिने मागच्या दारात एक वस्तू आधीच टाकलेली. ट्रकच्या जुन्या टायरच्या पट्ट्या कापून, तारेत ओवून, जोडे शिवणाऱ्या भैरूने करून दिलेली. काळीकुट्ट. ती म्हणाली, "हेच पुढं टाका की. पाणी खालनं जातंय, चिखल वर निघतोय." मी म्हणालो, माझ्याकडे माणसे कपडे शिवायला येतात, ट्रक दुरुस्तीला नव्हे! आणि तडक पुण्याला रविवार पेठेत गेलो. तिथल्या दुकानदाराने वेताचे दाखवले, तागाचे दाखवले, शेवटी काथ्याचे काढले. म्हणाला, "खाऱ्या पाण्यात मुरवलेला काथ्या आहे साहेब, पवनेचं काय घेऊन बसलात?" मुरलेला माल पुन्हा पाणी पिणार नाही, असे मला वाटले. (लोणच्यात पाणी गेले की काय होते हे ठाऊक असून वाटले.) सगळ्यांत जाड घेतले, वर लाल अक्षरांत 'सुस्वागतम्' असलेले, आणि उंबऱ्याच्या आत चार खिळे मारून पक्के बसवले.

शुक्रवारी साहेब भर पावसात आले. पाय पुसले, 'सुस्वागतम्' वाचले, "वा!" म्हणाले. मी कृतकृत्य झालो आणि झड आत येऊ नये म्हणून दार लावून घेतले. आम्ही कोटाच्या गुंड्या पितळी की हाडाच्या या चर्चेत असताना पवना आली. काथ्या प्यायला लागला. किती प्यायला म्हणाल, तर तट्ट फुगून दाराखाली पाचरीसारखा बसला. आमचे दार आत उघडते. मी ओढले, साहेबांनी ओढले. कडी साहेबांच्या हातात आली, दार जागच्या जागी. 'सुस्वागतम्'चा लाल रंग सुटला आणि साहेबांची खाकी पॅन्ट गुडघ्यापर्यंत गुलाबी झाली.

"दुसरी वाट नाही का?" साहेबांनी विचारले. मी नाही म्हणालो. मागची वाट स्वयंपाकघरातून. तिथे पावसामुळे शेळी बांधलेली, आणि दारात ते टायर. त्यापेक्षा दोघांनी बुडालेले बरे, असे मनात आले. साहेबांना कापड बेतायच्या टेबलावर बसवले, फुलाफुलांच्या परकराच्या कापडात गुंडाळले, आणि त्यांना नवी पॅन्ट शिवायला घेतली. पाण्यात पाय सोडून मशीन चालवले, पण मारुतराव, इतकी सुरेख शिलाई आयुष्यात माझ्या हातून झाली नव्हती.

शेवटचे बटण लावतोय तोच इंदूने मधले दार उघडले. "अवं, मागचं दार उघडंच हाय की! सायबास्नी कवाधरनं कोंडून ठिवलंय?" साहेबांनी माझ्याकडे पाहिले. मी मशीनकडे पाहिले.

पण माणूस देवमाणूस. नवी पॅन्ट चढवून आत गेले, इंदूच्या हातची दोन थालीपिठे खाल्ली, शेळीला एक तुकडा दिला, आणि मागच्या दारात बराच वेळ बूट घासत उभे राहिले. मग म्हणाले, "ज्योतीराम, ऑर्डर तुमच्याच घरात देणार." माझे डोळे भरून आले. दुसऱ्या दिवशी बोळात पेढे वाटले. आपणांस आनंद व्हावा म्हणून कळवले. आक्कांना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

आपला,
ज्योतीराम

ता. क. ऑर्डर लेखी आली. कोटांची नाही. कंपनीच्या यच्चयावत दारांना टायरची पायपुसणी हवी आहेत, आणि कागदावर नाव इंदूचे आहे. तरी आपल्या कांद्याच्या गाड्यांचे झिजलेले टायर असतील तेवढे ताबडतोब पाठवावेत.

पुन्हा ता. क. वरचा मजकूर इंदूने उभे राहून लिहवून घेतला. आता ती भैरूकडे गेली आहे म्हणून लिहितो. टायर मुळीच पाठवू नका. पट्ट्यांना भोके पाडायचे काम माझ्याकडे आले आहे आणि हाताला फोड आलेत. त्यापेक्षा तिकडे बांधाचे एखादे भांडण उकरून काढा आणि मला साक्षीला बोलावून घ्या. बांध कुणाचा, ते मी वाटेत ठरवीन.