तिसऱ्या ओळीतला स्वर

मास्तर, काल तालमीत मी बँड चालवत होतो. क्लॅरिनेट बेसूर घसरलं आणि मी मान डोलावली. बाकीचे एकमेकांकडे बघायला लागले तेव्हा मला कळलं, काहीतरी चुकलंय. तुमच्या वेळचा कंपाउंडर अजून माझ्या उजव्या हाताला ट्रंपेट घेऊन बसतो. तो हसत म्हणाला, "नाना, आज बठ्ठंच चाली ऱ्हायनं तुम्हले!" म्हणजे आज मला सगळंच चालतंय. सगळे हसले, मीही हसलो.

धुळ्याच्या कानाच्या डॉक्टरांनी सांगितलंय, आधी बारीक आवाज जातात, मग बाकीचे. वीस वर्षं मी पंपाच्या मोटारी ऐकून दुरुस्त केल्या. स्क्रू-ड्रायव्हरचं टोक मोटारीवर टेकवायचं, मूठ कानाला लावायची, की बेअरिंग कुठे रडतंय ते कळायचं. त्या कानावर वर्कशॉप उभं केलं, घर बांधलं. गेल्या महिन्यात पास केलेली मोटार पारोळ्याचा एक शेतकरी परत घेऊन आला. म्हणाला, "नाना, हाई त कोकली ऱ्हायनी." मोटार ओरडतेय, असं तो म्हणत होता. मी तिच्यावर वाकून उभा होतो. मला काहीच ऐकू येत नव्हतं.

तेव्हापासून तुमच्या तालमीतला एक दिवस सारखा आठवतो. तुम्ही पोलीस बँडातून रिटायर होऊन अमळनेरला आलात आणि आम्हा बाप्या माणसांना गोळा केलंत. तेल गिरणीतले दोघे, एक पोस्टमन, कंपाउंडर आणि मी. गिरणीची पाळी सुटली की शाळेच्या पडवीत तालीम. वरातीतल्या बँडसारखं ऐकून वाजवायचं नाही, पाच रेघांवरची टिंबं वाचून वाजवायचं, हा तुमचा हट्ट. सगळे घाम गाळत शिकले. मला मात्र एकदा ऐकलं की पुरे. मी कागदाकडे बघायचो, पानही वेळेवर उलटायचो, आणि वाजवायचो शेजारच्याचं ऐकून. दोन वर्षं कोणाला पत्ता लागला नाही.

त्या दिवशी तुम्ही नवीन चाल वाटता. आधी कंपाउंडर एकटा वाजवतो, मग मी. मी अगदी त्याच्यासारखंच वाजवतो, एक स्वर इकडचा तिकडे होत नाही. शाबासकीची वाट बघत बसतो. तुम्ही माझा कागद उचलता, तिसऱ्या ओळीवर नख ठेवता. "आठे मी मुद्दाम चुकीना स्वर लिखेल शे. फक्त तुना कागदवर. तू बरोबर कसा वाजाडा?" मला वाटलं, आता बँडातून काढणार. तुम्ही फक्त कागद परत दिलात. "कान म्हातारा व्हस रे भाऊ. कागद व्हत नही."

मी मनात म्हटलं, माझा कान कसला म्हातारा होतोय!

तुम्ही गेल्यावर सगळ्यांनी बँड चालवायची तुमची काडी माझ्या हातात दिली. जुन्या चाली कानात होत्याच. नवीन आली की म्हणायचो, कंपाउंडर, तू आधी वाजव. लोकांना वाटायचं, नाना मोठ्या मनाचा, दुसऱ्याला पुढे करतो.

परवा पारोळ्याला कार्यक्रम आहे. मधे क्लॅरिनेट एकटं वाजतं, अगदी बारीक. ते चुकलं तर मला कळणार नाही. ते संपलं हेही कळणार नाही. मी काडी उचलायची तेव्हा उचलणार नाही आणि सगळा बँड माझ्याकडे बघत थांबेल. म्हणून जळगावहून टिंबं वाचायला शिकवणारं पोरांचं पहिल्या धड्याचं पुस्तक आणलंय. वर्कशॉपात तांब्याच्या तारेच्या रिळांमागे लपवून ठेवतो. वाचताना गिऱ्हाईक आलं की त्यावर कापड टाकतो.

आज दुपारी शटर ओढून तुमचा तो कागद काढला. घड्यांवर फाटलाय. म्हातारा झालाय, मास्तर, तेवढं तुमचं चुकलं. रेघांवर पेन्सिल टेकवत, तोंडाने मोजत तिसऱ्या ओळीपर्यंत यायला तास लागला. आणि तो स्वर सापडला. चुकीचा आहे हे मला दिसलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

शेवटच्या दिवसांत इस्पितळात तुम्ही विचारलं होतं, "आते वाचता येस ना?" मी तुमचा हात धरून हो म्हणालो होतो. येत नव्हतं.

उद्याच्या तालमीत सगळ्यांना कानाचं सांगून टाकणार, असं या पत्रात इथे लिहिलं होतं. दोनदा लिहिलं, दोनदा खोडलं.