नव्या जमिनीवरचा माझा खड्डा

फुनाफुती बेट, सोमवार, जेवण उरकून

तीर्थस्वरूप सिलिएतीताईस धाकट्या तेफोतोचा गुडघे टेकून नमस्कार (टेकलेत खरे, उठताना बायकोला हाक मारावी लागेल).

तिकडे सुवा शहराचा पाऊस तुझ्या सांध्यांना मानवतो ना? नवे दात बसवलेस असं कळलं, जपून हस. आम्ही मजेत. मेलालीची कंबर तेवढी माझ्या नावाने बोटं मोडते. बहिणीची तोंडावर थट्टा करू नये ही आपली रीत, म्हणून बारा वर्षांची साठवलेली पत्रात करतोय.

बातमी अशी की आपल्या घरापुढे आता समुद्र नाही. लगूनमधली, म्हणजे बेटाच्या कुशीतल्या उथळ समुद्रातली, वाळू उपसून सरकारने पुढे शंभर पावलं जमीन केली आहे, पुरुषभर उंच. भरतीचं पाणी येतं, कडेच्या वाळूच्या गोण्यांवर डोकं आपटतं आणि निमूट परत जातं. संध्याकाळी सगळं गाव तिथे व्हॉलीबॉल खेळतं. मला मात्र ती जमीन बघून आबांचा खड्ड्यातला पुलाका आठवला. जुन्या खड्ड्यात खालून खारं पाणी चढलं, आणि आबांनी जन्मभर जपलेला तो छत्रीएवढ्या पानांचा अळू पिवळा पडत गेला. तीन रोपं उरलीत. वाण बुडालं तर वर जाऊन आबांना काय तोंड दाखवू?

माझा हिशेब सरळ होता: जमीन उंच, समुद्र खाली, पुलाका सुखात. आणि पुलाक्याचं काम ज्याच्या त्याच्या घरची गुप्त विद्या, चारचौघांत करायचं नसतं, म्हणून मेलालीला चर्चच्या गाण्याच्या तालमीला जातो असं सांगून पाच दिवस पहाटे फावडं घेऊन त्या जमिनीच्या दूरच्या टोकाला गेलो. (तालमीत माझी उणीव कोणालाच भासली नाही, हे जरा लागलं.) गोडं पाणी लागेपर्यंत खणायचं, हे तर आबांनीच शिकवलेलं. कड ढासळायची, खड्डा रुंदावायचा. खड्डा डोक्याहून खोल गेला तेव्हा पाणी लागलं! हर्षाने ओंजळभर प्यायलो. ताई, लगूनच होती ती. थुंकून वर पाहतो तर काठावर शेजारचा वायेलेई, ज्याचा पुलाका गावच्या जेवणात आपल्या पुलाक्यामागे कायम दुसरा यायचा.

"काय म्हातारबा, समुद्राला बाहेर ठेवायला एवढी वाळू ओतली, आणि तुम्ही त्याला आत यायला दार करून देताय?"

वर चढता येईना, म्हणून मला वायेलेईने झोपेतून उठवून आणलेल्या सहा व्हॉलीबॉलवाल्यांनी ओढून काढलं आणि तसंच गावाच्या सभागृहात नेलं. वायेलेईची नात तेउइला या भरावाच्या कामावर इंजिनियर आहे. ती म्हणाली, "आजोबा, पावसाने ही वाळू धुतली जाईल, मग खाली गोडं पाणी साठेल."

"किती दिवसांत?"

"वर्षं म्हणा."

"बरं, किती वर्षं?"

पोरगी माझ्या पायांच्या बोटांकडे बघू लागली. मग म्हणाली, "तोवर तळ बंद असलेल्या सिमेंटच्या हौदात लावू."

"हौदात पुलाका!" वायेलेई ओरडला. "उद्या बशीत डुक्कर पाळा!"

"तुझ्या खड्ड्यात उरलंय का एक तरी पान?" मी म्हटलं. तो बसल्या जागी चटईची काडी उपसू लागला, आणि बोललो ते माझं मलाच लागलं.

गावच्या वडीलधाऱ्यांनी शिक्षा दिली: खड्डा स्वतः बुजवायचा, आणि तीन वर्षांनी नव्या जमिनीच्या मोठ्या गावजेवणाला आबांच्या वाणाचा पुलाका मांडायचा. मी छाती काढून म्हणालो, "एक काय, तीन मांडतो!" खड्डा बुजवायला वायेलेई आला. हसायला आलोय म्हणाला, आणि अर्धा खड्डा त्यानेच बुजवला.

तुझा (सांगितलेलं कधीच न ऐकलेला) भाऊ,
तेफोतो

ता.क. वर रोपं तीन लिहिली. सभेत तीन म्हणालो म्हणून इथेही तीन. खरं म्हणजे एकच आहे.

ता.क. २: पाकीट चिकटवण्याआधी जाऊन पाहून आलो. तेही गेलं. हौद मात्र बांधून, पालापाचोळा भरून तयार आहे. वायेलेई रोज त्या रिकाम्या हौदाला पाणी घालून जातो. 

ता.क. ३: लग्न होऊन जाताना आबांच्या खड्ड्यातला एक कोंब तू कपड्यांत लपवून नेलास, आणि आपल्या घराने आजवर त्याच्या चोरीचा आळ वायेलेईवर घातला. मला माहीत होतं. आता तुझ्या परसात त्याचं बेट झालं असेल. त्यातला एक कोंब हवा. टपालाने नको, वाटेत कोणीतरी माती बघून फेकून देईल. रोप आणायच्या परवानगीचे रीतसर कागद करून, मांडीवर घेऊन स्वतः ये. हाताला येईपर्यंत त्याला तीन वर्षं घरचं माणूस लागतं. परतीचं तिकीट त्या बेताने काढ.