रिकामा तांब्या

सातारा. शनिवार, दिवेलागणीला.

मुक्ता गेली आज. जतची पोर, वर्षभर माझ्या वरच्या खोलीत भाड्यानं हुती. म्युझियमचं शिक्षण संपलं, नागपूरला नोकरी लागली. पदवीवर आणिक हे शिक्षण, जुन्या वस्तू पुसायच्या आन बांधून ठेवायच्या. पुसायला शाळा लागती व्हय?

सरावाला माझ्या लग्नातला पितळी तांब्या न्हेला हुता. सकाळी आणून दिला, मऊ कागदात गुंडाळून, तान्ह्या बाळागत. कागद सोडून आत बघितलं, तर रिकामा!

"काय गं, लोकाचं भांडं रिकामं परत देत्यात व्हय? चिमूटभर साखर तरी घालावी."

"आवं आजी, आमच्यात वस्तूत काय ठेवायचं नसतंय. डाग पडत्यात."

"मग ठेवा तुमची भांडी उपाशी!"

तांब्या तिच्याच हातात ठेवून मी परड्यात गेले. लय तोडून बोलले का? जाताना तिनं दारातनं हाक मारली, "येते, आजी." मी तितनंच व्हय म्हनलं. उठून दारापतुर गेले न्हाई. काय झिजले असते का?

आत्ता चहा ठेवला, तर साखरेचा डबा मोकळा. काल तर भरला हुता. फळीवरचा तांब्या उचलला, तर जड. काठोकाठ साखर, माझ्याच डब्यातली! आतनं तो मऊ कागद लावलेला, डाग पडू नये म्हणून.

लय हसले. मग घर गप झालं.

तांब्या तसाच फळीवर ठेवला. चहा बिनसाखरेचाच प्याले.