नुसते स्वल्पविराम

३ मार्च, सकाळ
कॉफी होईपर्यंत माझ्या वर्गातल्या तिरिलचा निबंध मोठ्याने वाचला. कॉलेजात एआयने लिहिलेलं शोधायला यंत्र आणायचं म्हणतात. मला गरज नाही. खेड्यातल्या शाळेत आम्हाला सगळं मोठ्याने वाचायला लावायचे. कान तिथे तयार झाला. "आजोबा मेंढ्यांना शिव्या द्यायचे आणि मग एकेकीची माफी मागायचे." हे पोरीचं स्वतःचं. देवाचे आभार. विरामचिन्हांची मात्र बोंब. म्हणून निबंध एआयमध्ये टाकला. नुसते स्वल्पविराम सुधारायला.

४ मार्च
त्याने वाक्यंही सरळ केली. बरी आहेत. नमुना म्हणून तिरिलला पाठवली. लिहिलं, असं लिहीत जा. बायको, गुदनी, खांद्यावरून वाचून म्हणाली, "हे कोण बोलतंय?" तिला वाङ्मयातलं कळत नाही.

१६ मार्च, रविवार
प्रार्थनाघरात सगळ्यांसमोर श्रद्धेची साक्ष दिली. आमच्याकडे कागद घेऊन उभं राहत नाहीत, मनात येईल ते बोलतात. मनात आलेलं आधी एआयला सांगितलं होतं, फक्त क्रम लावायला. मग पाठ केलं. नंतर वाफल खाताना म्हातारा इंगेब्रिग्त म्हणाला, "छान बोललास रे, टोरलाइव. पण देवाशी तुझी ओळख नसल्यासारखं." जळतो.

२२ एप्रिल
तिरिलचा अंतिम निबंध आला. "आजोबांचे मेंढ्यांशी असलेले नाते बहुआयामी होते." कान टवकारले. शिव्या गेल्या, माफी गेली. ही एआयची भाषा! जिवावर आलं, पण समितीकडे तक्रार केली. दोषी ठरली तर तिला वर्षभर कॉलेज बंद. वाक्य कुठेतरी वाचल्यासारखं वाटलं. एआयचं सगळं सारखंच वाटतं म्हणा.

२४ एप्रिल
तिरिल आली. रडली असती तर बरं झालं असतं. "टोरलाइव, हे वाक्य तूच पाठवलंस. मला वाटलं तुझं आहे. मला आवडलं नव्हतं, पण म्हटलं, तुला कळत असेल." फोनवर माझा निरोप दाखवला. खाली माझं नाव. चूक एआयची, हे उघड आहे. तरी समितीला सांगून टाकणार. उद्याच.

२९ एप्रिल
अजून नाही. अशा गोष्टीला शब्द नेमके लागतात. धुकं फिओर्डवरून, खालच्या खाडीवरून, आमच्या खिडकीपर्यंत चढलंय. प्रार्थनेला बसलो. प्रार्थनेचेही मुद्दे पडले. शेवटी सारांश.

५ मे
समितीला पत्र दिलं. एआयला हात लावला नाही, देव साक्षी आहे. पेन्सिलीने लिहिलं, मग टाइप केलं. दुपारी समितीच्या प्रमुखांचा, सोल्वाइगचा फोन. "अरे, हे तू लिहिलेलं नाहीस. पोरीने एआयकडून लिहून घेऊन तुझी सही मिळवली का? तसं असेल तर तिचं आणखी अवघड होईल." मी म्हटलं, मीच लिहिलं. पलीकडे तिने पत्र पुन्हा चाळल्याचं ऐकू आलं. मग म्हणाली, "तर मग सुनावणीला ये. तुझ्या तोंडाने सांग."
पत्र गुदनीला वाचून दाखवलं. ती उठून बटाटे सोलायला गेली.

६ मे
ठरलं. कागद नाही, तयारी नाही. प्रार्थनाघरात पूर्वी उभा राहायचो तसा उभा राहणार. "वाक्य मी दिलं. पोरीला सोडा." एवढंच तर बोलायचंय. आज हलकं वाटतंय.

९ मे
ठरल्याप्रमाणे उभा राहिलो. हात रिकामे. तिरिल माझ्याकडे बघत होती. तोंड उघडलं.
"या प्रश्नाचे तीन महत्त्वाचे पैलू आहेत," मी म्हणालो.
सोल्वाइगने लिहायचं थांबवलं. तिरिल हळूच म्हणाली, "राहू दे, टोरलाइव." पण मला थांबता येईना. दोन पैलू झाले. तिसऱ्यात माझं नाव यायचं होतं. तिथे समारोप आला.
तिरिलला वर्षभर बाहेर काढलं. जाताना तिने माझा हात हातात घेतला, आजारी माणसाचा घेतात तसा.
ठरवलं ते मात्र मी केलं. कागदाशिवाय बोललो.